लंडनमार्गे जामखेड

गरिबीचा अभ्यास फार महाग पडतो. शंका असेल त्यांनी विलायतेतल्या कुठल्याही नामवंत विद्यापीठाच्या ‘जागतिक आरोग्य’ या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची फी पाहावी. माझ्या भाचीनं एमबीबीएस झाल्यावर, खेड्यातली बंधपत्राची नोकरी उरकून हाच विषय घ्यायचं ठरवलं, तेव्हा तीस हजारांच्या आसपासचा आकडा ऐकून आमचे भाऊजी चक्क खूश झाले. ते पौंड आहेत हे त्यांना रात्रीचं जेवण झाल्यावर सांगण्यात आलं. आमच्या ताईला वेळ साधता येते. आईची हरकत वेगळीच होती. “डॉक्टर झालीस ना? मग आता पुन्हा हगवण शिकायला एवढ्या लांब कशाला?” भाची म्हणाली, “आजी, हगवणीचं औषध नाही शिकायचंय. हगवणीनं गरिबाचंच पोर का दगावतं, ते शिकायचंय.” आई म्हणाली, “ते मी सांगते की. फुकट.”

आईच्या त्या उत्तरावर जगभर विभाग चालतात, परिषदा भरतात आणि जाडजूड नियतकालिकं निघतात. भाची गेली आणि तिकडून वाचनाच्या याद्या येऊ लागल्या. “मामा, तू रिटायर आहेस. वाच आणि मला थोडक्यात सांग,” असा सरळ हिशेब. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे तक्ते आणि टक्के यांचं मला भय नाही. शिवाय आपण राहतो तो देश दुसऱ्याच्या अभ्यासक्रमात वाचणं म्हणजे आपलं लग्न शेजाऱ्यानं काढलेल्या फोटोंत पाहण्यासारखं असतं. माणसं तीच, मांडव तोच, फक्त सगळ्यांचे डोळे मिटलेले.

लंडनमध्ये केपेल स्ट्रीटवर या विषयाची शाळा आहे. १८९९ सालची. लिव्हरपूलची तिच्याहून एका वर्षानं थोरली. लंडनच्या शाळेची आताची इमारत १९२९ची, आणि तिच्या सज्जांवर सोनेरी मुलामा दिलेले प्राणी बसवले आहेत: डास, पिसू, ऊ, ढेकूण, गोचीड, उंदीर, शिवाय एक नाग. ढेकणाला एवढा मान दुसरीकडं कुठं मिळाला असेल असं वाटत नाही. पण एका परीनं तो त्याचा हक्कच आहे, कारण याच मंडळींच्या जिवावर शाळा निघाली. पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टरनं ती काढली आणि वसाहतींचे मंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी तिची पाठराखण केली. आफ्रिकेत नि आशियात गेलेला साहेब तापानं फणफणून मरू नये, ही मुख्य काळजी. साहेबाच्या गड्याचीही काळजी होती, नाही असं नाही. त्याला चावलेला डास पुढं साहेबाला चावू नये, इतपत.

शाळा निघण्याच्या दोनच वर्षं आधी, १८९७ साली, आपल्याकडं बरंच काही घडत होतं. जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मार्चमध्ये पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. आणि मधल्या काळात प्लेगचे अधिकारी रँडसाहेब यांचे गोरे सोजीर पुण्यात घराघरांत घुसून रोगी शोधत होते, सामान जाळत होते, देवघरात बूट घालून जात होते. साथ आटोक्यात आणण्याचं शास्त्र साहेबाला ठाऊक होतं. घरात शिरण्याआधी विचारावं, हे त्या शास्त्रात नव्हतं. वसाहतींच्या वारशावर चर्चा होती तेव्हा भाचीनं ही हकिकत वर्गात सांगितली. लोकांनी याला काय प्रतिसाद दिला, असं प्राध्यापिकाबाईंनी विचारलं. भाची म्हणाली, “गणेशखिंडीत दिला.” पुढं तिला रँडच्या वधाचं सगळं सविस्तर सांगावं लागलं.

तिनं मला एका दारूच्या गुत्त्यासमोरचा स्वतःचा फोटो पाठवला. ताई हबकली. पण तो अभ्यासदौऱ्याचाच भाग होता. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचं पाणी पिणारेच पटकीनं मरताहेत हे जॉन स्नो या डॉक्टरनं घरोघर हिंडून, मयतांची नोंद करून दाखवलं आणि पंपाचा दांडा काढायला लावला. साथीच्या शास्त्राचे विद्यार्थी तिथं वारीला जातात. पंपाजवळच्या गुत्त्याला त्याचंच नाव दिलं आहे. स्नोसाहेब स्वतः तरुण वयापासून दारूच्या विरोधात होते, ही माहिती गुत्त्याच्या मालकानं फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

वाचनात मला सगळ्यात आधी अडवलं ते ‘डॅली’नं. जागतिक बँकेच्या १९९३ सालच्या विकास अहवालात हे माप प्रसिद्धीला आलं. अकाली मरणानं किती वर्षं बुडाली आणि आजारपणानं किती वाया गेली, त्यांची बेरीज करायची, म्हणजे हिवताप मोठा शत्रू की नैराश्य, हे एकाच तराजूत तोलता येतं. बँकेच्या माणसाला हे आवडण्यासारखंच होतं. पुढं वाचलं तर कळलं की मूळ हिशेबात सगळ्या वर्षांचं मोल सारखं नव्हतं. पंचविशीच्या आसपासचं वर्ष सगळ्यांत महाग. माझ्या वयाच्या माणसाचं वर्ष त्याच्या जेमतेम निम्म्या किमतीचं. आमच्या पेन्शनमध्ये निदान महागाई भत्ता तरी असतो. या भेदभावावर जगभर टीका झाली आणि २०१२ साली जाहीर झालेल्या मोजणीतून तो काढून टाकला गेला. मी लगेच ताईला फोन करून सांगितलं की माझा भाव वधारला आहे.

स्वीडनच्या हान्स रॉसलिंग यांनी या विषयाच्या वर्गात एक खोडसाळ परीक्षा घेतली होती. देशांच्या पाच जोड्या, उदाहरणार्थ श्रीलंका आणि तुर्कस्तान. दोहोंपैकी कुठं बालमृत्यू जास्त, एवढंच सांगायचं, आणि प्रत्येक जोडीत फरक दुपटीचा. डोळे मिटून बोट ठेवलं तरी अडीच बरोबर यायला हवीत. कॅरोलिन्स्का संस्थेच्या हुशार विद्यार्थ्यांची सरासरी आली १.८. रॉसलिंग म्हणत, केळ्यांवर देशांची नावं लिहून चिंपांझींसमोर ठेवली असती तर त्यांनी बाजी मारली असती. प्राध्यापकांची परीक्षा घेतली तेव्हा ते चिंपांझींच्या बरोबरीला आले, म्हणजे नोकरी टिकण्याइतपत ठीक. हे रॉसलिंग स्वतः १९७२ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला आले होते. वर्गात मूत्रपिंडाचा एक्स-रे लावला, आणि इथली मुलं त्यावर जे बोलू लागली ते ऐकून आपण चुकून वरच्या वर्गात बसलो की काय असं त्यांना वाटलं. वर्ग बरोबरच होता. त्यांनी हा किस्सा पुढं जगभर सांगितला, आणि मला त्यांच्या सगळ्या आलेखांहून तो मोलाचा वाटतो. गरीब देशात ‘शिकवायला’ निघालेल्या प्रत्येकाला व्हिसाबरोबर तो छापून द्यावा.

शिकवायला निघालेल्यांचे किस्से काही कमी नाहीत. दक्षिण आफ्रिकेत एक पंप निघाला, प्लेपंप नावाचा. मुलांनी गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळायचं, चक्र फिरलं की जमिनीतलं पाणी वर टाकीत, आणि टाकीच्या चारी बाजूंना जाहिराती. खेळ झाला, पाणी झालं, पैसाही झाला! २००० साली जागतिक बँकेनं बक्षीस दिलं, २००६ साली अमेरिकेत एक कोटी चौसष्ट लाख डॉलरची घोषणा झाली. मग इंग्लंडातल्या ‘गार्डियन’ या वर्तमानपत्रानं एक साधा गुणाकार केला. एका पंपानं जेवढ्या लोकांची तहान भागवण्याचा दावा होता, त्यासाठी मुलांना रोज सत्तावीस तास खेळावं लागलं असतं. मुलं थोडा वेळ गरगरून निघून जात आणि बायका ते जड चक्र हातानं फिरवत बसत. साधा हातपंप याहून स्वस्त होता आणि तो हापसायला चारचौघांत संकोचावं लागत नव्हतं. आता हा पंप विद्यापीठांत शिकवला जातो. पाणी फार दिलं नाही, पण विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांना निबंधाचा विषय दिला.

यापुढची गोष्ट मात्र मी भाचीला थोडक्यात सांगितली नाही. सगळी वाच म्हणालो.

१९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून बनगावला आले आणि छावणीत पटकी पसरली. दिलीप महालनबीस हे तरुण डॉक्टर तेव्हा कोलकात्यातल्या, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात काम करत होते. दवाखान्यात खाटा दोन खोल्यांपुरत्या, रोगी जमिनीवर, आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. मीठ-साखरेचं पाणी तोंडानं पाजून पटकीचा रोगी वाचतो, हे ढाक्याच्या प्रयोगशाळेत तीन वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं. पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. अडाणी नातेवाइकांच्या हाती असलं काही सोपवायचं नाही, हा डॉक्टरी शिरस्ता. महालनबीसांपुढं तज्ज्ञही नव्हते आणि वेळही नव्हता. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या कोलकात्याला बांधून घेतल्या, पिंपात पाणी कालवलं, आणि आया-बहिणींच्या हाती पेले दिले. जिथं शंभरातले तीसेक जण मरत होते तिथं मरणारे चारच्या आत आले. पुढं १९७८ साली ‘लॅन्सेट’नं लिहिलं की हा बहुधा या शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं २०२३ साली. ते २०२२ साली वारले होते. आपल्याकडं कुणाची योग्यता घाईनं ठरवत नाहीत.

शोध लागला म्हणजे काम झालं असं विद्यापीठाला वाटतं, आणि खरी मौज तिथूनच सुरू होते. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेनं ठरवलं की हे पाणी प्रत्येक घरातल्या आईला करता आलं पाहिजे. पुड्या परवडणार नाहीत, वजनकाटा कुणाकडं नाही. म्हणून मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूट मीठ आणि अर्धा शेर पाणी. गावोगाव पायी हिंडणारी टोळी असे: चौदा तरुण मुली, एक पुरुष पर्यवेक्षक आणि एक स्वयंपाकीण. (स्वयंपाकिणीची तरतूद वाचून हा माणसांनी आखलेला कार्यक्रम आहे अशी माझी खात्री पटली.) मुलीनं आईला पाणी करून दाखवायचं नाही, आईनंच स्वतःच्या हातानं करायचं. पगाराची पद्धत तर आमच्या बँकेनं उचलावी अशी. किती घरं केली यावर पैसे नाहीत. काही आठवड्यांनी दुसरी बाई येऊन आईला प्रश्न विचारी, तिला जेवढं आठवे त्या हिशेबानं शिकवणारीला पैसे. आपल्याकडच्या प्राध्यापकांना ही पद्धत लावली तर संपाची नोटीस त्याच संध्याकाळी येईल.

तरी घोडं अडलंच. आयांना सगळं पाठ होतं, पण पोराला जुलाब झाले की त्या गोळीच आणत. चौकशी केली तेव्हा निघालं ते फार गोड आहे: शिकवणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणींचा स्वतःचाच या पाण्यावर विश्वास नव्हता. त्यांना जुलाब झाले की त्याही गोळी घेत! मग आधी त्यांना ते का लागू पडतं हे नीट समजावलं. शिवाय लक्षात आलं की घरातल्या पुरुषाला कुणी विचारलंच नव्हतं. मग बाजारात नि मशिदीत पुरुषांच्या बैठका झाल्या. दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरांत ही चिमूट-मूठ पोचली. याचं सुरेख वर्णन डॉ. अतुल गवांदे यांनी २०१३ साली अमेरिकेच्या ‘न्यूयॉर्कर’मध्ये केलं आहे. गवांदे यांचे वडील विदर्भातले, त्यामुळे तेवढा अभिमान बाळगायला आपल्याला हरकत नाही. गावोगाव चालल्या त्या बांगलादेशी मुली, हेही सोबत लक्षात ठेवावं.

आईला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “गुळाचं पाणी मी तुला पाजलंय की.” खरं आहे. पण मीठ किती, पाणी किती, हे प्रत्येक आजी वेगळं सांगे, आणि मीठ जास्त झालं तर पोर बिघडे. जगातल्या सगळ्या आज्यांचं शहाणपण एकत्र केलं तरी साडेतीन ग्रॅम हा आकडा त्यातून निघत नाही. तिथं प्रयोगशाळा लागते.

आईची दुसरी हार डाळीच्या प्रकरणात झाली. अमेरिकेच्या एमआयटीतले अभिजित बॅनर्जी आणि एस्तर डुफ्लो यांनी उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेबरोबर एक प्रयोग केला. काही गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. काही गावांत दर महिन्याला ठरल्या दिवशी न चुकता लसीकरणाचं शिबिर. आणखी काही गावांत शिबिर, वर प्रत्येक लसीला किलोभर डाळ आणि सगळ्या लसी पुऱ्या झाल्या की थाळ्यांचा संच. पहिल्या गावांत सगळ्या लसी पूर्ण झालेली मुलं ६ टक्के, दुसऱ्यांत १८, डाळीच्या गावांत ३९. “डाळ दिली की बायका येणारच, यात नोबेल कसलं?” आईनं विचारलं. (ते दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत २०१९ साली मिळालं, आणि केवळ या डाळीसाठी नाही.) मी म्हटलं, आता पुढं ऐक. डाळीचे पैसे धरूनसुद्धा एका मुलामागचा खर्च डाळ न देणाऱ्या शिबिराच्या निम्म्यावर आला. कारण नर्सचा दिवसाचा पगार ठरलेला. चार मुलं आली काय नि चाळीस आली काय. आई गप्प बसली. डाळ वाटली की पैसे वाचतात, हे कुठलीही गृहिणी मान्य करणार नाही, आणि ते मोजल्याशिवाय कुणाला कळलंही नसतं. विद्यापीठाकडून घेण्यासारखी हीच एक गोष्ट आहे असं माझं मत होत चाललंय. बाकीचं बरंचसं इकडून तिकडं जातं आणि इंग्रजी होऊन परत येतं.

परत येतं म्हणजे कसं, ते एका रात्री कळलं. भाचीचा फोन. “मामा, जामखेड कुठं आहे रे?”

मी विचारलं, “का, कुणाचं लग्न ठरतंय?”

“अरे, केस स्टडी आहे. आणि वर्गातली घानाची मुलगी मला विचारतेय, तू तिथलीच ना. ती स्वतः तिथं राहून आलीये!”

आता बघा. पुण्यात जन्मलेली मुलगी, आजोळ नगरचं, आणि तिला जामखेडची माहिती घानाची मुलगी देते, तीही लंडनमध्ये. मी सांगितलं, “नगरपासून पाऊणशे किलोमीटर. एसटी जाते.”

जामखेडला १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं आलं. दोघं वेल्लोरचे विद्यार्थी, पुढं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. म्हणजे त्यांनीही लंडनमार्गे नाही, तरी बाल्टिमोरमार्गेच जामखेड गाठलं. त्यांना वाटलं होतं की शिकलेल्या नर्सेस गावागावांत ठेवल्या की काम होईल. नर्सेस राहीनात, आणि राहिल्या तरी त्यांचं कुणी ऐकेना. मग गावानंच एक बाई निवडायची ठरलं. ज्या आल्या त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित, काही टाकलेल्या. आठवड्याला जामखेडला यायचं, एकत्र जेवायचं, एकत्र निजायचं, आणि चर्चा करकरून शिकायचं. आरोळ्यांनी शिकवलेलं पुढच्या आठवड्यात त्या गावाचा अनुभव घेऊन तपासून परत आणत. पाण्यासाठी बोअर मारायची वेळ आली तेव्हा जागा दलित वस्तीत धरल्या. पाणी हवं असेल तर इतरांनी तिथं यावं. प्लेपंपवाल्यांना हे सुचलं नाही, कारण पंप कुठल्या आळीत बसतो यानं काय होतं हे कळायला त्या आळीत ऊठबस असावी लागते.

या बायकांचं काम जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ सालच्या पुस्तकात आलं, १९७८ साली अल्मा-आताला जगातले देश जमले तेव्हा ज्या थोड्या नमुन्यांची चर्चा होती त्यात ते होतं. २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य, असं तेव्हा ठरलं. नंतर २०१५ ठरलं. सध्या २०३० चालू आहे. बँकेत आम्ही याला मुदतवाढ म्हणायचो आणि तिसऱ्या वेळी साहेब केबिनमध्ये बोलवायचे.

जामखेडच्या या कार्यकर्त्यांपैकी एकीला वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला नेलं होतं. सभागृहात भलीमोठी झुंबरं. तिनं त्यांच्याकडं बोट दाखवून सांगितलं की मोठे डॉक्टर नि इस्पितळं अशी असतात, उंच आणि महाग. आणि आपल्या हातातली पणती दाखवून म्हणाली की आम्ही हिच्यासारख्या, एकीवरून दुसरी लावता येते. भाचीनं हे वाचलं आणि मला विचारलं, “मामा, ही बाई किती शिकली होती?” मी म्हटलं, “तुझ्या फीमध्ये तिच्यासारख्या किती जणी तयार होतील याचा हिशेब करू का?” तिनं नको म्हटलं. समजूतदार आहे.

गडचिरोलीला गेलेले अभय आणि राणी बंग हेही हॉपकिन्सचेच. राणी बंगांनी दोन खेड्यांतल्या साडेसहाशे बायकांना तपासलं तर ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग. १९८९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून येईपर्यंत जगाच्या आरोग्ययोजनांत बाई होती ती बाळंतपणापुरती आणि पाळणा लांबवण्यापुरती. दुखणं होतंच, ते कुणी विचारलं नव्हतं आणि मोजलं नव्हतं.

पण मला भुरळ पडली ती मण्यांची. बाळाला न्यूमोनिया झालाय का, हे श्वास मोजून कळतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका. त्याहून मोठ्याला पन्नास. पण ज्या दाईला दहाबाराच्या पुढं मोजता येत नाही तिनं काय करावं? बंगांच्या शोधग्राममधल्या मंडळींनी एक लाकडी चौकट केली. मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि शेजारी तारेवर ओवलेले मणी, आपल्याकडं बालवाडीत असतात तसे. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया, औषध सुरू करा. दहापर्यंत मोजणाऱ्या बाईच्या हाती साठाचं निदान! पुढं गावातल्याच बायकांनी घरोघर जाऊन नवजात बाळं सांभाळली. १९९९ साली त्याचे आकडे प्रसिद्ध झाले: ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं, ६२ टक्क्यांनी घटले. नुसतं ‘आमच्या बायका छान काम करतात’ असं सांगितलं असतं तर दिल्लीनं सत्कार करून वाटेला लावलं असतं. आकडे, तेही विलायती नियतकालिकातले, म्हटल्यावर ऐकावं लागलं. घरी जाऊन नवजात बाळ पाहायचं काम पुढं देशभरच्या गावोगावच्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्यांकडं आलं. हॉपकिन्सची फी वसूल झाली असं मी म्हणेन.

भाचीनं प्रबंधाला आशा कार्यकर्त्यांचाच विषय घेतला आहे. मुलाखती घ्यायला ती इकडं आली होती. जामखेडलाही गेली, एसटीनं. एका गावात आशाताईंनी चहा दिला, पोराला दूध दिलं, मधेच उठून एका बाळंतिणीचा फोन घेतला आणि मग भाचीची लांबलचक प्रश्नावली चाळून विचारलं, “मॅडम, हा फॉर्म भरायला मोबदला किती आहे?” भाचीला वाटलं त्या चेष्टा करताहेत. त्या करत नव्हत्या. त्यांच्याकडं प्रत्येक फॉर्मचा दर ठरलेला असतो, आणि काही फॉर्म बिनदराचेही असतात. तेवढंच त्यांना आधी जाणून घ्यायचं होतं.

२०२२ सालच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. लंडनच्या वर्गात त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान असतं. सरकारच्या दफ्तरी त्या अजून स्वयंसेविका आहेत, आणि नियमित नोकरीच्या पगारासाठी अधूनमधून मुंबईला आझाद मैदानात बसतात. पुढच्या वेळी त्या तिथं दिसल्या, तर वाहतुकीचा खोळंबा झाला म्हणून कुरकुर करण्याआधी गाडीतून उतरून त्यांचं म्हणणं ऐकून घ्या. फी नाही.